औषधी वनस्पतींचे बी गोठवून ठेवतात, म्हणजे नेमके काय करतात?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशासाठी दुसरी जनुकपेढी उभारण्याची घोषणा झाली आणि तिच्यात दहा लाख नमुन्यांची सोय असेल, असे सांगण्यात आले. त्याआधी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र जनुक कोश’ या प्रकल्पाला सुमारे १७२ कोटी रुपयांची मंजुरी दिली होती. अशा बातम्यांसोबत हमखास एक छायाचित्र येते, ज्यात जाड कोट घातलेली एक व्यक्ती बर्फासारख्या थंड खोलीत उभी असते आणि तिच्या हातात चंदेरी पाकीट असते. ते पाहून वाचकाचा असा समज होतो की, बी थंडीत ठेवले की ते टिकते आणि संवर्धनाचे काम तेवढ्यावर संपते. वास्तविक गोठवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरी कसोटी त्याच्या आधी, बी गोळा करताना आणि वाळवताना लागते, आणि काही वनस्पतींचे बी या कसोटीला उतरतच नाही. सह्याद्रीतल्या कित्येक औषधी वृक्षांची हीच अडचण आहे.

सुरुवातीला एका शब्दाचा खुलासा करायला हवा. सजीवाचे आनुवंशिक गुण ज्यांच्यामार्फत पुढच्या पिढीत उतरतात त्यांना जनुके म्हणतात, आणि ती जनुके जिवंत स्वरूपात जिथे जपली जातात ती जनुकपेढी. वनस्पतींच्या बाबतीत जनुके जपण्याची सर्वांत आटोपशीर वस्तू म्हणजे बी, म्हणून बहुतेक जनुकपेढ्या मुख्यतः बीजपेढ्याच असतात. या लेखात यापुढे बीजपेढी हाच शब्द वापरला आहे.

औषधी वनस्पतींचीच एवढी काळजी का?

ज्वारी, भात किंवा हरभरा शेतकरी दरवर्षी पेरतो, त्यामुळे त्यांचे बी दरवर्षी नवे होत राहते. औषधी वनस्पतींच्या बहुतेक जाती मात्र आजही रानातून आणल्या जातात, आणि रानाला पेरणीचे वेळापत्रक नसते. त्यात ज्या वनस्पतीची मुळी औषधी, तिच्यावरचे संकट दुहेरी असते, कारण मुळी काढायची म्हणजे झाड उपटायचे, आणि ते बहुधा बी झडण्याच्या आधीच उपटले जाते.

सर्पगंधेचे उदाहरण मुंबईशीच जोडलेले आहे. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि वैद्यांना शतकानुशतके ठाऊक असलेले हे लहानसे झुडूप एकाएकी जगाच्या बाजारात जाऊन पोहोचले. पुढे १९९० मध्ये त्याचा समावेश धोक्यातल्या सजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. सर्पगंधेचे बी उगवते, पण कमी आणि अनियमित उगवते, आणि उघड्यावर ठेवल्यास त्याची उगवण लवकर घटते. म्हणजे ज्या वनस्पतीचे बी साठवण्याची गरज सर्वांत जास्त, तिचेच बी मिळण्यास आणि टिकण्यास अवघड, असा हा पेच आहे.

नरक्याची गोष्ट याहून वेगळी, पण तितकीच बोलकी आहे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ मध्ये प्रथम एका चिनी वृक्षात सापडले. १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्या या, दुर्गंधी फुलांच्या आणि म्हणून फारशा लाडक्या नसलेल्या, झाडात असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधे याच द्रव्यापासून तयार होतात. झाडात ते अत्यल्प प्रमाणात असल्यामुळे थोड्याशा द्रव्यासाठी पुष्कळ लाकूड लागते, आणि कोकण-कोल्हापूरच्या जंगलांतून नरक्याची बेकायदा तोड पकडल्याच्या बातम्या कित्येक वर्षे येत राहिल्या आहेत.

गोठवण्याआधी वाळवायचे का?

याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. काकडीची फोड किंवा कोथिंबिरीची जुडी फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढली, तर ती लिबलिबीत होऊन पाणी सोडते आणि पूर्ववत होत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, त्याचे धारदार स्फटिक बनतात आणि पेशींची आवरणे फाटतात. त्याच फ्रीजरमध्ये मोहरी, तीळ किंवा मेथीदाणे वर्षभर ठेवले तरी त्यांना काही होत नाही, आणि पेरले तर ते उगवूही शकतात. फरक एवढाच की, कोरड्या दाण्यात गोठण्याजोगे मोकळे पाणी उरलेलेच नसते. जे थोडे असते ते प्रथिनांना आणि शर्करांना इतके घट्ट चिकटलेले असते की, त्याचा स्फटिक बनू शकत नाही.

म्हणून बीजपेढीत आलेले बी आधी वाळवले जाते, आणि तेही उन्हात नव्हे. आपल्याकडे बियाणे उन्हात खडखडीत वाळवण्याची रीत आहे आणि एका हंगामापुरती ती पुरेशी आहे. परंतु कडक उन्हात बी तापते, आणि ओलसर बी तापणे हे त्याला म्हातारे करण्याचे उत्तम साधन आहे. बीजपेढीतली वाळवणीची खोली थंड आणि अतिशय कोरडी असते. तिथे साधारण १५ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखली जाते. मुंबईच्या जुलैमधल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, यावरून ती खोली किती कोरडी आहे याची कल्पना यावी. तिथे बी काही आठवडे ठेवले की त्यातला ओलावा बहुतेक जातींत वजनाच्या तीन ते सात टक्क्यांपर्यंत उतरतो.

पण इतके वाळलेले बी जिवंत राहते कसे?

लोणावळ्याची चिक्की आठवावी. साखरेचा किंवा गुळाचा पाक आटवत नेला की एका टप्प्यावर तो घट्ट होतो, पण त्याचे खडे पडत नाहीत, आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ बनतो. शेंगदाणे त्या काचेत जिथल्या तिथे जखडले जातात. बी पिकताना त्याच्या पेशींत नेमके असेच घडते. पाणी कमी होत जाते तसतशा पेशीतल्या शर्करा आणि काही खास संरक्षक प्रथिने मिळून काचेसारखा पदार्थ बनवतात, आणि पेशीतली सगळी नाजूक यंत्रणा त्या काचेत जखडली जाते. तिथे रेणूंना इकडून तिकडे हलण्यास वाव नसल्यामुळे बिघडवणाऱ्या रासायनिक क्रिया अतिशय मंद होतात. बी मेलेले नसते, त्याचे काम थांबवून ठेवलेले असते.

चिक्कीची उपमा आणखी एका कारणाने उपयोगी आहे. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर हीच चिक्की हवेतला ओलावा शोषून चिकट होते आणि तिचा काचपणा जातो. बियांचेही तसेच होते. वाळवलेले बी दमट हवेत आले की पुन्हा ओलावा ओढून घेते, पेशीतली काच विरघळू लागते आणि म्हातारपणाचे घड्याळ पुन्हा वेगाने चालू होते. त्यासाठीच बीजपेढीत ॲल्युमिनियमचा थर असलेली, हवाबंद सील केलेली पाकिटे वापरतात. छायाचित्रात दिसणारे चंदेरी पाकीट ते हेच, आणि माझ्या मते त्याचे महत्त्व मागच्या शीतगृहापेक्षा कमी नाही.

थंडीचा वाटा मग किती?

हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाने एक ढोबळ हिशेब सांगितला होता, जो आजही बियाणे क्षेत्रात शिकवला जातो. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले की ते पुन्हा दुप्पट होते. समजा, १२ टक्के ओलावा असलेले एखादे बी ३० अंशांच्या खोलीत एक वर्ष टिकते. त्याचा ओलावा सहा टक्क्यांवर आणला तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ वर्षे झाली. नंतर तेच बी पाच अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवले, तर आणखी पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. कागदावर हा हिशेब दोन हजार वर्षांच्या पुढे जातो.

तो कागदावरच सोडून द्यावा. हा नियम ठरावीक मर्यादांमध्येच लागू पडतो, ओलावा फारच कमी झाल्यावर फायदा वाढत नाही, आणि तेलकट बियांचे व पिठूळ बियांचे वागणे सारखे नसते. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ वाळवण्याने जे आयुष्य मिळते ते थंडीने मिळणाऱ्या आयुष्याच्या तोडीचे असते, आणि दोन्हींचा गुणाकार होतो. आपल्या आज्या कणगीतल्या किंवा मडक्यातल्या बियाण्यात चुलीची राख आणि कडुनिंबाचा पाला घालत, तेव्हा त्या या गुणाकाराचा पहिला भाग घरच्या घरी करत होत्या, कारण कोरडी राख किडीला रोखते आणि थोडाफार ओलावाही शोषते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे जपले ते शीतगृहाशिवायच. अर्थात त्या पद्धतीत बी दरवर्षी पेरून नवे करावे लागते, आणि रानातली सर्पगंधा दरवर्षी कोण पेरणार?

हजारो वर्षांच्या बिया उगवल्याच्या बातम्याही याच संदर्भात वाचाव्यात. इस्राएलमधल्या मसादा येथील उत्खननात मिळालेले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये उगवले, हे खरे आहे, आणि तिथले वाळवंटी कोरडेपण त्याला कारणीभूत होते. मात्र सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतून ३२ हजार वर्षांपूर्वीचे फूलझाड जिवंत केल्याची २०१२ मधली बातमी ‘बी उगवले’ अशी सांगितली जाते ती चुकीची आहे. ते झाड फळातल्या ऊतींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले होते.

बीजपेढीच्या आत काय चालते?

आपल्या देशातली मुख्य बीजपेढी नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमध्ये आहे. ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या संग्रहात साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. त्यांत धान्ये आणि कडधान्ये अर्थातच जास्त आहेत, पण औषधी व सुगंधी वनस्पतींचाही वेगळा विभाग आहे. लखनौची सीमॅप ही औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आणि केरळमध्ये पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान या संस्था प्रामुख्याने या वनस्पतींवर काम करतात.

काम रानात सुरू होते. एकाच झाडाचे पोतेभर बी आणून उपयोग नसतो, कारण ते म्हणजे गावाची ओळख म्हणून एकाच घरातल्या भावंडांचा फोटो काढल्यासारखे होईल. शक्यतो पन्नासेक झाडांचे थोडे थोडे बी घेतात, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी एक-पंचमांशाहून जास्त घेत नाहीत, म्हणजे जंगलाच्या पुढच्या पिढीला झळ पोहोचत नाही. कच्चे बी घेतले तर ती काच नीट बनलेली नसते. जास्त पिकलेले घेतले तर ते झाडावरच म्हातारे व्हायला लागलेले असते. रानटी वनस्पतीची फळे एकाच वेळी पिकत नसल्यामुळे त्याच झाडाकडे दोन-तीनदा जावे लागते. नोंदवहीत ठिकाण, उंची, माती, तारीख आणि स्थानिक नाव लिहावे लागते, कारण नोंद नसलेले पाकीट हे बिनपत्त्याच्या पत्रासारखे निरुपयोगी असते.

पेढीत आल्यावर बी स्वच्छ करतात, वाळवतात आणि त्यातले थोडे उगवून पाहतात. शेतपिकांच्या नमुन्यात शंभरपैकी किमान ८५ दाणे उगवावेत अशी अपेक्षा असते. रानटी जातींना यात सवलत द्यावी लागते. त्यातही एक गफलत होऊ शकते. अनेक औषधी वनस्पतींचे बी जिवंत असूनही लगेच उगवत नाही, कारण ते सुप्तावस्थेत असते. बाहेर ऋतू अनुकूल नाही असे समजून ते स्वतःला रोखून धरते. अशा वेळी कठीण कवच घासणे, काही काळ थंडीत ठेवणे किंवा जिबरेलिक आम्लासारख्या संप्रेरकात भिजवणे असे उपाय करून पाहावे लागतात, नाहीतर जिवंत बी मेले म्हणून नोंदले जाते.

त्यानंतर पाकिटे दोन ठिकाणी जातात. उणे १८ ते उणे २० अंशांच्या खोलीतला साठा मुदत ठेवीसारखा असतो आणि त्याला सहसा हात लावत नाहीत. चार ते सात अंशांच्या खोलीतला साठा बचत खात्यासारखा असतो, आणि संशोधकांना किंवा लागवडीसाठी लागणारे बी त्यातून देतात. ठरावीक वर्षांनी, बहुधा पाच ते दहा वर्षांनी, थोडे बी काढून पुन्हा उगवून पाहतात, आणि उगवण घसरली असेल तर उरलेले बी शेतात लावून नवे बी तयार करतात. म्हणजे बीजपेढी हे कुलूप लावून विसरण्याचे तळघर नव्हे. माणसे, पैसा आणि शेतजमीन सतत पुरवली नाही तर पंचवीस-तीस वर्षांनी तिथे मेलेल्या बियांची सुबक पाकिटे तेवढी उरतील. नव्या पेढ्यांच्या घोषणा होतात तेव्हा इमारतीचा खर्च ठळक अक्षरांत छापला जातो, पुनर्लागवडीचा खर्च मात्र कुणी विचारत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

सगळ्याच बिया अशा ठेवता येतात का?

नाही, आणि या विषयातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे.

१९७३ मध्ये रॉबर्ट्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बियांचे दोन गट सांगितले. पहिल्या गटातल्या बिया वाळवता येतात आणि वाळल्यावर गोठवता येतात. आपण त्यांना वाळणाऱ्या बिया म्हणू. अश्वगंधा, तुळस, इसबगोल यांच्या बिया या गटात मोडतात, आणि त्यांच्यासाठी आतापर्यंत वर्णन केलेली पद्धत पुरेशी आहे. दुसऱ्या गटातल्या बिया वाळल्या की मरतात. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी, कोकमाची बी आणि सीता-अशोकाची बी या गटातल्या आहेत. कोकणातल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. चिंचोके वर्षभर डब्यात राहतात, पण आठळ्या मात्र चार दिवस टोपलीत राहिल्या तर कोंब काढतात किंवा सुकून लाकूड होतात.

असे का, याचे उत्तर पावसात आहे. यांपैकी कित्येक झाडांची फळे पावसाच्या तोंडावर किंवा पावसातच पिकतात. खाली पडलेल्या बीला ओली माती आणि सावली लगेच मिळते, त्यामुळे वाट पाहण्याची तयारी करण्याची तिला कधी गरजच पडली नाही. ती झाडावरून सुटते तेव्हाच अर्धी जागी असते. वाळवंटातल्या किंवा माळरानावरच्या झुडपाच्या बीला मात्र पुढचा पाऊस कधी येईल याची शाश्वती नसते. म्हणून जितके जंगल दाट आणि दमट, तितके गोठवता न येणारे बी जास्त. २०१८ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, नष्ट होण्याचा धोका अत्यंत गंभीर असलेल्या वनस्पतींपैकी सुमारे ३६ टक्के जातींचे बी या दुसऱ्या गटात मोडते.

दोन्ही गटांच्या मध्ये एक तिसरा गट आहे, आणि तो १९९० मध्ये कॉफीच्या अभ्यासातून पुढे आला. या बिया बऱ्यापैकी वाळवता येतात, पण थंडी त्यांना सोसत नाही. कडुनिंबाच्या लिंबोळीवरून तर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला, कारण कुणाला ती एका गटात दिसली, कुणाला दुसऱ्या. ओलसर लिंबोळी थंडीत ठेवली तर थंडीनेच मरते, पिवळी झाल्यावर तोडून नीट वाळवली तर पुष्कळ टिकते, आणि गर तसाच ठेवून ढिगात टाकली तर काही आठवड्यांत निकामी होते. बी कुठल्या गटातले आहे हे पाहताना ते कसे हाताळले होते हेही पाहावे लागते, हा धडा या वादातून मिळाला.

मग नरक्या आणि सीता-अशोक यांचे काय करायचे?

अशा झाडांसाठी आणखी खालच्या तापमानाचा मार्ग आहे. गावोगावी जनावरांचे डॉक्टर कृत्रिम रेतनासाठी जो जाड, वाफाळणारा डबा घेऊन फिरतात तो पुष्कळांनी पाहिला असेल. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने ही गोठित वीर्याची पद्धत खेड्यांत रुजवण्यात मोठा वाटा उचलला. त्या डब्यात उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन असतो. वनस्पतींसाठीही तोच वापरतात. या तापमानात जिवंत पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळजवळ पूर्ण थांबतात.

पूर्ण बी मात्र त्यात टाकता येत नाही, कारण ती मोठी आणि पाण्याने भरलेली असते. म्हणून बीच्या आतला इवलासा अंकुर, जो पुढे मूळ आणि खोड होणार असतो, तो सुरीने अलगद काढतात. एवढा लहान तुकडा कोरड्या हवेच्या झोतात थोड्या वेळात वाळतो, आणि वाळण्याची क्रिया झटपट झाल्यामुळे मरण्यापूर्वीच तो पुरेसा कोरडा होतो. काही वेळा त्याला साखरेच्या आणि ग्लिसरॉलच्या दाट द्रावणात ठेवतात. मोरावळ्याच्या पाकात आवळ्याचे पाणी बाहेर पडून साखर आत शिरते, तसेच इथेही होते, आणि गोठताना स्फटिकांऐवजी पुन्हा तीच काच बनते. नरक्याच्या अंकुरांवर असे प्रयोग केरळमध्ये झालेले आहेत. बाहेर काढल्यावर त्या अंकुराला थेट मातीत लावता येत नाही, त्याला काचेच्या नळीत, पोषक द्रव्यावर, बाळासारखे वाढवावे लागते. प्रत्येक जातीसाठी वाळवण्याची मिनिटे आणि द्रावणाची तीव्रता वेगळी असते, त्यामुळे एका झाडाची कृती दुसऱ्याला चालत नाही. काम कष्टाचे आणि महागडे आहे, हे मान्यच करायला हवे.

हळदीचा प्रश्न तर आणखी मुळात जातो. सांगलीची राजापुरी असो की वर्ध्याची वायगाव, हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे तिला उपयोगाचे बी जवळजवळ धरतच नाही. आपण पिढ्यानपिढ्या कंदच लावत आलो आहोत. अशा वनस्पती एक तर शेतात लावून सतत जिवंत ठेवाव्या लागतात, किंवा त्यांचे कोंब प्रयोगशाळेत नळ्यांमध्ये जपावे लागतात.

वीज गेली, युद्ध झाले, तर?

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर एकाच ठिकाणी सगळे न ठेवणे हे आहे. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर डोंगर पोखरून केलेली बीजपेढी २००८ मध्ये सुरू झाली. ती यंत्रांनी उणे १८ अंशांवर ठेवली जाते, आणि यंत्रे बंद पडली तरी भोवतालचा डोंगर कायम गोठलेला असल्यामुळे आतले तापमान सावकाश चढेल, अशी योजना आहे. लडाखमध्ये चांग ला खिंडीजवळ १७ हजार फुटांहून उंचावर संरक्षण संशोधन संस्थेने २०१० मध्ये उभारलेल्या पेढीमागेही हाच विचार आहे. वृत्तपत्रांनी स्वालबारला ‘प्रलयाची तिजोरी’ म्हटले, पण तिचा पहिला उपयोग प्रलयात नव्हे तर युद्धात झाला. सीरियातल्या अलेप्पोजवळच्या बीजसंग्रहाचे काम यादवी युद्धामुळे ठप्प झाले, तेव्हा तिथल्या संस्थेने २०१५ मध्ये स्वालबारमधले स्वतःचे नमुने परत मागवले, लेबनॉन आणि मोरोक्कोत ते लावून बी वाढवले, आणि पुढे नवे बी पुन्हा तिथे नेऊन ठेवले.

ही पेढी अभेद्य आहे असेही समजू नये. २०१६ मध्ये अवेळी उष्णतेने वितळलेले पाणी तिच्या प्रवेशाच्या बोगद्यात शिरले होते. बियांना धक्का लागला नाही, पण नंतर बोगदा नव्याने बांधावा लागला. शिवाय तिथे मुख्यतः अन्नपिके आहेत. रानटी वनस्पतींसाठीचा मोठा संग्रह इंग्लंडमधल्या वेकहर्स्ट येथे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाने २००० मध्ये उघडलेल्या पेढीत आहे.

जंगल राखले तर हे सगळे कशाला हवे?

जंगल राखणे हेच पहिले काम आहे, यात वाद नाही. पाकिटातले बी बदलत नाही. रानातले झाड मात्र नव्या किडीशी, बदलत्या पावसाशी, परागण करणाऱ्या माश्यांशी जुळवून घेत राहते. दुसऱ्या गटातल्या झाडांसाठी तर कोकणातल्या देवराया याच आज सर्वांत भरवशाच्या बीजपेढ्या आहेत, आणि त्यांना वीजही लागत नाही. परंतु देवराई एका रस्त्यासाठी किंवा एका वणव्यात जाऊ शकते. गोठवलेले बी हा जंगलाला पर्याय नाही, पण जंगलाचा विमा म्हणून त्याची गरज आहे, आणि विमा काढला म्हणून कुणी घराला कुलूप लावायचे थांबत नाही.

दुसरी शंका औषधी गुणांची असते. शंभर वर्षांनी उगवलेल्या सर्पगंधेत औषध तेवढेच असेल का? बीजपेढी जनुके जपते, द्रव्य जपत नाही. मुळीत रेसर्पिन किती भरेल हे जनुकांवर अवलंबून असते, तसेच माती, पाऊस, झाडाचे वय आणि मुळी काढण्याचा महिना यांवरही असते. जुने वैद्य अमुक वनस्पती अमुक ऋतूत, अमुक जमिनीतूनच काढावी म्हणत त्याला हा आधार आहे. त्यामुळे बियांसोबत ही माहिती नोंदलेली नसेल, तर उद्या रोप मिळेल पण औषध मिळेलच असे नाही. गावागावांत लोकांनीच लिहायच्या लोकजैवविविधता नोंदवहीची जी कल्पना माधव गाडगीळ यांनी लावून धरली, तिचे मोल इथे कळते.

या बियांचा मालक कोण?

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन १९९७ मध्ये रद्द करवले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्या आठवणीमुळे बी परदेशी पेढीत ठेवणे धोक्याचे वाटणे साहजिक आहे. स्वालबारमध्ये ठेवलेल्या पेट्या ठेवणाऱ्याच्याच मालकीच्या राहतात आणि त्याच्याखेरीज कुणाला उघडता येत नाहीत. बँकेच्या लॉकरचा हाच नियम असतो. देशांतर्गत बाजू २००२ च्या जैवविविधता कायद्याने बांधलेली आहे, आणि परदेशी संस्थेला भारतातली अशी सामग्री वापरायची असल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. याच कायद्यात नफ्याचा वाटा स्थानिक लोकांना देण्याची तरतूद आहे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना आणि आयुष वैद्यांना त्यातून सूट दिली. उद्योगाने तिचे स्वागत केले, पण ज्यांच्या रानातून हे ज्ञान आले त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न अनेक अभ्यासकांनी विचारला आहे आणि तो मला योग्य वाटतो.

घरच्या फ्रीजमध्ये हे करता येईल का?

तुळस, अश्वगंधा, शतावरी यांसारख्या वाळणाऱ्या बियांसाठी बऱ्याच अंशी करता येईल. पूर्ण पिकलेले बी सावलीत, पंख्याखाली, पातळ पसरून वाळवावे. नंतर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत कोरड्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठ-दहा दिवस ठेवून, छोट्या हवाबंद पाकिटात घालून, नाव आणि तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीजरचा हट्ट धरू नये, कारण बी पुरेसे कोरडे झाले आहे की नाही हे घरी मोजता येत नाही आणि ओलसर बी फ्रीजरमध्ये कोथिंबिरीच्या वाटेने जाईल. जांभूळ, कोकम, सीता-अशोक यांच्या बिया या भानगडीत न पाडता त्याच आठवड्यात कुंडीत लावाव्यात.

पाकीट फ्रीजमधून बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. थंड बाटलीला घाम फुटतो तसा आतल्या बियांवर दव जमतो, आणि आठ-दहा दिवस घेतलेले कष्ट दहा मिनिटांत वाया जातात. रात्री काढून ठेवावे आणि सकाळी उघडावे. वर्षातून एकदा दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे, आणि पाचांहून कमी उगवल्या तर त्या पावसाळ्यात उरलेल्या सगळ्या पेरून टाकाव्यात.